फ्रांत्झ फॅनन : मुसलमान रुग्णांकडून शिकलेला डॉक्टर

आपल्या समाजातली जी मुलं-मुली आता एम.ए.ला राज्यशास्त्र किंवा समाजशास्त्र घेतात, त्यांच्या अभ्यासात फ्रांत्झ फॅनन हे नाव कधी ना कधी येतंच. परकी राज्याखालून सुटलेल्या देशांत जो सामाजिक आणि राजकीय विचार तयार झाला, त्याचा अभ्यास जगभरच्या विद्यापीठांत होतो आणि फॅनन यांच्याशिवाय तो पुढे सरकत नाही. माझ्यासारख्या बी.एड. केलेल्या मास्तरांना पाउलो फ्रेरी माहीत असतात. त्या फ्रेरींच्या 'पेडॅगॉजी ऑफ द ऑप्रेस्ड' या पुस्तकावरही फॅनन यांची छाप आहे. उर्दूत फॅनन यांचं शेवटचं पुस्तक 'उफ़्तादगान-ए-ख़ाक' या नावाने आलं आणि उर्दू वाचणाऱ्या अनेकांची त्यांच्याशी ओळख तिथूनच झाली.

पण परीक्षेच्या नोट्समध्ये फॅनन म्हणजे हिंसेचं समर्थन करणारा विचारवंत, एवढीच ओळख उरते. चार मुद्दे लिहिले की दहा मार्क. हा माणूस पेशाने मानसोपचार करणारा डॉक्टर होता, अल्जिरियातल्या मुसलमान रुग्णांच्या वॉर्डात आधी सपशेल हरला होता आणि त्या हरण्यातून त्याला बरंच काही उमगलं, हे नोट्समध्ये नसतं. म्हणून हा लेख.

फॅनन यांचा जन्म २० जुलै १९२५ चा. गाव फोर्ट-द-फ्रान्स, मार्टिनिक बेटावरचं. हे बेट वेस्ट इंडिजमध्ये, राज्य फ्रान्सचं. तिथले बहुतेक लोक आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांचे वंशज. गुलामी १८४८ मध्ये कायद्याने संपली होती. वडील कस्टम खात्यात नोकरीला, आईचं छोटं दुकान, घरात आठ भावंडं. खाऊन-पिऊन सुखी घर.

या बेटावरच्या काळ्या मुलांना शाळेत आपले पूर्वज गॉल लोक होते असं शिकवलं जाई. गॉल म्हणजे फ्रान्सचे जुने गोरे रहिवासी! घरी-दारी लोक क्रेओल बोलत, पण पांढरपेशा घरांत मुलगा क्रेओल बोलला की ओरडा बसे. चांगल्या घरची मुलं फ्रेंच बोलतात, हा नियम. फ्रान्सला जाऊन आलेला तरुण बंदरावर उतरला की क्रेओल विसरल्याचं सोंग करायचा. फॅनन यांनी पुढे पहिल्या पुस्तकाचं पहिलंच प्रकरण भाषेवर लिहिलं. घरी उर्दू किंवा दखनी, गल्लीत मराठी आणि शाळेच्या गेटपाशी इंग्रजी असं जगणाऱ्या आपल्या पोरांना ते प्रकरण समजावून सांगावं लागणार नाही.

दुसरं महायुद्ध सुरू झालं, फ्रान्स जर्मनीपुढे पडला आणि मार्टिनिकवर जर्मनीशी हातमिळवणी केलेल्या सरकारचा अंमल आला. अडकून पडलेल्या फ्रेंच खलाशांनी बेटावर दादागिरी सुरू केली. काळ्या माणसाकडे गोरा कसा पाहतो, हे फॅनन यांना पहिल्यांदा तिथे दिसलं. तरीही फ्रान्स म्हणजे स्वातंत्र्य आणि समता, हा शाळेतला धडा त्यांच्या मनातून गेला नव्हता. १९४३ मध्ये, वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षी, ते चोरून समुद्र ओलांडून डॉमिनिकाला गेले आणि पुढे द गॉल यांच्या स्वतंत्र फ्रान्सच्या फौजेत भरती झाले.

या फौजेने त्यांना आधी मोरोक्को आणि अल्जिरिया दाखवला. तिथल्या सैन्यात माणसांची उतरंड होती. वर गोरे, मग मार्टिनिकसारख्या बेटांवरचे, खाली अरब आणि सेनेगलचे आफ्रिकी. लढाई थंड प्रदेशात पोहोचली तेव्हा आफ्रिकी तुकड्यांना मागे पाठवून गोऱ्यांच्या तुकड्या पुढे आणल्या गेल्या, म्हणजे विजयाचा हार गोऱ्यांच्या गळ्यात. फॅनन पूर्व फ्रान्समध्ये जखमी झाले, त्यांना पदक मिळालं. ते पदक देणारा अधिकारी होता कर्नल राउल सालां. हेच सालां पुढे अल्जिरियातल्या फ्रेंच फौजांचे सेनापती झाले, आणि त्या वेळी फॅनन समोरच्या बाजूला उभे होते.

युद्धानंतर माजी सैनिकांसाठीच्या शिष्यवृत्तीवर ते फ्रान्सला गेले आणि लियों शहरात वैद्यकीय शिक्षण घेऊ लागले. शिकायचं होतं मेंदूचं आणि मनाचं शास्त्र, पण डोक्यात प्रश्न वेगळेच. तत्त्वज्ञ मेर्लो-पाँती यांची व्याख्याने ते जाऊन ऐकत. शेवटच्या प्रबंधाची वेळ आली तेव्हा त्यांनी जे लिहून दिलं, ते गोऱ्यांच्या समाजात काळ्या माणसाच्या मनाचं काय होतं याविषयी होतं. हा वैद्यकशास्त्राचा प्रबंध होऊच शकत नाही म्हणून तो नाकारला गेला. डिग्री तर हवी होती. मग त्यांनी मज्जासंस्थेच्या एका आनुवंशिक आजारावर नेहमीच्या पठडीतला प्रबंध लिहिला आणि १९५१ मध्ये डॉक्टर झाले. नाकारलेलं लिखाण १९५२ मध्ये 'काळी कातडी, गोरे मुखवटे' या पुस्तकाच्या रूपाने पॅरिसमध्ये छापलं गेलं. त्यातला बराच मजकूर त्यांनी जोसी या मैत्रिणीला तोंडी सांगून लिहवून घेतला होता. त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं. विद्यापीठाने परत केलेल्या त्या कागदांवर आज किती विद्यार्थी पीएच.डी. करतात, याची गंमत वाटते.

लियोंमध्ये आणखी एक गोष्ट घडली, जिच्याकडे फारसं लक्ष जात नाही. त्या शहरात अल्जिरियातून आलेले मजूर राहत. बायको-मुलं गावी, राहायला खुराडी, काम अंगमेहनतीचं. हे लोक दवाखान्यात येऊन सांगत की सगळं अंग दुखतंय. नक्की कुठं, ते सांगता येत नसे. डॉक्टर तपासून बघत, काही सापडत नसे आणि मग हे लोक ढोंगी असतात, आळशी असतात असा शेरा. फॅनन यांनी १९५२ मध्ये 'एस्प्री' मासिकात याच्यावर लेख लिहिला. त्यांचा मुद्दा साधा होता. डॉक्टरने रुग्णाला पाहण्याआधीच अरब माणूस कसा असतो हे ठरवून ठेवलेलं असतं, म्हणून त्याला दुखणं दिसत नाही.

पुढचं शिक्षण सेंत-आल्बां इथल्या इस्पितळात. तिथे तोस्केल नावाचे डॉक्टर होते, फ्रँकोच्या राजवटीतून पळून आलेले स्पेनच्या कातालोनियातले. त्यांचं म्हणणं असं की मनाच्या रुग्णाला कोंडून ठेवून तो बरा होत नाही, आधी इस्पितळ बरं करावं लागतं. रुग्णांच्या सभा, रुग्णांचं वर्तमानपत्र, नाटक, हातकाम, सण, यांतून माणूस पुन्हा माणसांत येतो. फॅनन यांना हे मनापासून पटलं आणि नोव्हेंबर १९५३ मध्ये ही शिदोरी घेऊन ते अल्जिरियात ब्लिदा-जुआंव्हिल इथल्या मोठ्या मनोरुग्णालयात विभागप्रमुख म्हणून गेले. वय अठ्ठावीस.

अल्जिरिया १८३० पासून फ्रान्सच्या ताब्यात होता. चांगली जमीन गोऱ्या वसाहतवाल्यांकडे, आणि मुसलमान आपल्याच मुलखात दुय्यम. वैद्यकशास्त्रही त्याच रंगाचं. अल्जिअर्सचे नामवंत प्राध्यापक पोरो आणि त्यांचे शिष्य शिकवत की उत्तर आफ्रिकेच्या मुसलमानाचा मेंदूच कमी विकसित असतो, तो जन्मतः हिंसक आणि खोटारडा असतो. हे पाठ्यपुस्तकात होतं, डॉक्टर होणारी मुलं ते पाठ करत. इस्पितळातही वॉर्ड वेगळे. फॅनन यांच्याकडे १६५ युरोपीय स्त्रिया आणि २२० मुसलमान पुरुष असे दोन वॉर्ड आले.

त्यांनी दोन्हीकडे तोस्केल यांची पद्धत सुरू केली. युरोपीय स्त्रियांच्या वॉर्डात थोड्याच दिवसांत फरक पडला. सभा भरू लागल्या, वर्तमानपत्र निघालं, ख्रिसमस साजरा झाला. मुसलमान पुरुषांच्या वॉर्डात मात्र काहीच हलेना. सभेला माणसं येत, गप्प बसत, उठून जात. वर्तमानपत्र निघालं तर वाचणार कोण, बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. विणकामाला बसवलं तर हात चालेनात. नाटक-गाण्याला कोणी पुढे येईना. जुने कर्मचारी मनातल्या मनात हसले असतील, की नवीन साहेबांना आता कळलं हे लोक कसे असतात.

इथे कोणीही पोरो यांच्या पुस्तकाकडे वळला असता. फॅनन यांनी दोष स्वतःकडे घेतला. त्यांचा सहकारी जाक अझुले हा अल्जिरियातल्याच ज्यू घरातला तरुण डॉक्टर होता आणि हाच त्याच्या प्रबंधाचा विषय झाला. दोघांनी मिळून १९५४ मध्ये एक लेख छापला, आपण कुठे चुकलो ते सांगणारा. मला विचाराल तर फॅनन यांच्या सगळ्या लिखाणात हा लेख सर्वांत मोलाचा, आणि नेमका हाच कोणी वाचत नाही.

काय चुकलं होतं? या माणसांचं आयुष्य गावाकडचं, भाऊबंदकीतलं, शेतीचं. अनोळखी माणसांनी जमून मंडळ काढायचं, ठराव करायचे, ही त्यांची रीतच नव्हती. चारचौघांत गाणं-सोंग करणं हे पेशेवर लोकांचं काम, घरंदाज माणूस ते कसं करेल? टोपल्या विणणं हे तर त्यांच्याकडे बायकांचं काम. सण कोणता, तर ख्रिसमस! त्यात डॉक्टरला अरबी येत नाही, कबाइली येत नाही, मध्ये दुभाषी. गरीब अल्जिरियनाने दुभाषी आजवर पाहिलेला असायचा तो कोर्टात नाहीतर सरकारी कचेरीत. आता दवाखान्यातही तोच, मग तो मोकळं काय बोलणार? थोडक्यात, फॅनन यांनी मुसलमानांना फ्रेंच समजून औषध दिलं होतं. ज्या मार्टिनिकच्या शाळेवर ते चिडले होते, तेच इथे त्यांच्या हातून झालं होतं.

मग वॉर्ड बदलला. आवारात कहवाखाना उघडला, जिथे पुरुष बसून कहवा घेत, पत्ते-डाव मांडत. ईद साजरी होऊ लागली. मुफ्ती साहेब येऊ लागले, नमाजाची सोय झाली. किस्से सांगणारा पारंपरिक कथेकरी बोलावला गेला. ज्यांचं आयुष्य मातीत गेलं त्यांच्या हातात फावडं-कुदळ दिली, मैदान तयार झालं. हळूहळू वॉर्डात आवाज येऊ लागला.

आणखी एक प्रसंग सांगतो, शिक्षकांनी तरी लक्षात ठेवावा असा. मानसशास्त्रात एक चाचणी आहे, चित्र दाखवायचं आणि त्यावरून गोष्ट सांगायला लावायची. ही चाचणी मुसलमान स्त्री-रुग्णांना दिली तर उत्तरं तुटक यायची. जुन्या पद्धतीने निष्कर्ष निघाला असता की यांना कल्पनाशक्तीच नाही. पण चित्रांतली घरं, कपडे, खोल्या सगळं युरोपचं होतं, त्या बायांनी न पाहिलेलं. त्यातलं एक कार्ड कोरं असतं, आणि त्या कोऱ्या कार्डावर त्याच बायांनी भरभरून गोष्टी सांगितल्या. फॅनन आणि त्यांच्या सहकाऱ्याने हे १९५६ मध्ये मांडलं. वर्कशीटवरच्या चित्राकडे बघत गप्प बसलेलं पोर दिसलं की मला हे कोरं कार्ड आठवतं.

वेडाबद्दल गावातले लोक काय मानतात, हेही त्यांनी फिरून समजून घेतलं. लोक म्हणत जिन्नाची बाधा आहे आणि पीराच्या मजारीवर नेत. आपल्याकडेही दर्ग्यांवर अशी कुटुंबं दिसतात. फॅनन यांचा जिन्नांवर विश्वास नव्हता, इलाज दवाखान्यातच व्हायला हवा हे त्यांचं मत कायम होतं. पण त्यांना एक गोष्ट दिसली. दोष जिन्नाचा असल्यामुळे घरचे लोक रुग्णावर राग धरत नाहीत, तो बरा झाला की त्याला पुन्हा पंगतीत घेतात. शिकलेल्या युरोपात हे त्यांना कमी दिसलं होतं.

१ नोव्हेंबर १९५४ ला अल्जिरियाच्या स्वातंत्र्याचं युद्ध पेटलं. राष्ट्रीय मुक्ती आघाडीने फॅनन यांच्याशी संपर्क साधला आणि इस्पितळात गुपचूप जखमी लढवय्यांवर इलाज होऊ लागले. पण रुग्ण दोन्हीकडचे होते. कोठडीत हाल झालेले अल्जिरियन येत, आणि हाल करणारे फ्रेंच पोलीसही येत. एक पोलीस घरी बायको-मुलांना मारू लागला होता, त्याला इलाज हवा होता तो कामावरचा छळ शांत डोक्याने करता यावा म्हणून. दुसऱ्या एका पोलिसाची इस्पितळाच्या आवारात त्यानेच छळलेल्या माणसाशी अचानक गाठ पडली. पोलिसाला घाम फुटला, आणि तो दुसरा माणूस घाबरून स्वतःचा जीव द्यायला निघाला. कर्मचाऱ्यांना त्याची समजूत घालावी लागली की तुला भास झाला, तो इथे आलाच नव्हता. या सगळ्या नोंदी त्यांच्या शेवटच्या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात आहेत.

१९५६ च्या अखेरीस त्यांनी गव्हर्नर लाकोस्त यांना राजीनाम्याचं पत्र पाठवलं. आशय असा की ज्या देशात माणसाला त्याच्याच घरात परकं केलं जातं, तिथे मनाचा इलाज करणं हे थोतांड आहे. उत्तर म्हणून हद्दपारीचा हुकूम आला. जानेवारी १९५७ मध्ये ते निघाले आणि पॅरिसमार्गे ट्युनिसला पोहोचले.

ट्युनिसमध्ये त्यांनी दिवसा येऊन संध्याकाळी घरी जाणाऱ्या रुग्णांसाठी केंद्र चालवलं, आघाडीच्या 'अल मुजाहिद' पत्रात लिहिलं, विद्यापीठात समाज आणि मानसोपचार या विषयावर व्याख्याने दिली. १९५९ चं त्यांचं पुस्तक अल्जिरियाच्या बदलत्या समाजावर आहे. त्यात रेडिओवर एक सुंदर प्रकरण आहे. घरात वडीलधाऱ्यांसमोर ऐकायला संकोच वाटेल असं काही लागेल म्हणून, आणि फ्रेंचांचा आवाज म्हणूनही, मुसलमान घरांत रेडिओ नकोसा होता. स्वतंत्र अल्जिरियाचं प्रसारण सुरू झालं आणि तोच रेडिओ प्रत्येकाला हवासा झाला. फ्रेंच लहरी बिघडवत, तरी लोक खरखरीला कान लावून बसत. हिजाबवरचं प्रकरणही बरंच गाजलं. बाईचा पडदा काढला की समाज हाती येतो, असा फ्रेंच सरकारचा हिशेब होता आणि बायांनी तो उधळला. लढ्यात गरजेप्रमाणे त्यांनी पडदा घेतला, गरजेप्रमाणे काढला. लढ्यातून आलेली बाईची मोकळीक टिकेल, असं फॅनन यांना वाटलं होतं. तेवढी ती टिकली नाही.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवू नये. डिसेंबर १९५७ मध्ये आघाडीचे मोठे नेते आणि फॅनन यांचे मित्र अबान रमदान यांना त्यांच्याच साथीदारांनी मोरोक्कोत मारलं. पत्रात छापलं गेलं की ते लढताना शहीद झाले. फॅनन यांनी यावर जाहीरपणे चकार शब्द काढला नाही. लढाईच्या काळात फूट दिसू नये म्हणून, असं त्यांचे चाहते सांगतात. मला ते पुरेसं वाटत नाही.

१९६० मध्ये ते अल्जिरियाच्या हंगामी सरकारचे राजदूत म्हणून घानात होते. वर्षाच्या शेवटी ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग निघाला. हातात वेळ नव्हता. १९६१ च्या वसंतात-उन्हाळ्यात, काही आठवड्यांत, त्यांनी 'द रेचेड ऑफ द अर्थ' या नावाने जगाला माहीत असलेलं पुस्तक सांगून लिहवून घेतलं. पहिलं प्रकरण हिंसेवर आहे. बंदुकीच्या बळावर चाललेलं राज्य विनवण्यांनी जात नाही, आणि प्रतिकारातून गुलाम माणसाला ताठ उभं राहता येतं, असं ते म्हणतात. सार्त्र यांनी प्रस्तावना लिहिली ती याहून भडक आणि बऱ्याच लोकांनी तेवढीच वाचली. पण शेवटच्या प्रकरणात हिंसा करणाऱ्याचंही मन कसं मोडतं याच्या नोंदी आहेत. या दोन प्रकरणांचा मेळ फॅनन यांना घालता आला असं मला वाटत नाही. कदाचित आणखी दहा वर्षं मिळती तर घातला असता.

मधलं एक प्रकरण आज सर्वांत जास्त खरं वाटतं. स्वातंत्र्यानंतर साहेबाच्या खुर्चीवर देशी साहेब बसेल, कारखाने न काढता दलाली करेल, पक्ष लोकांवर पहारा ठेवेल आणि अंगाशी आलं की जमात आणि धर्माच्या नावाने लोकांना भांडवेल, हे त्यांनी स्वातंत्र्य मिळण्याआधी लिहून ठेवलं.

इलाजासाठी आधी मॉस्को, मग नाइलाजाने अमेरिका. ६ डिसेंबर १९६१ रोजी वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा इथल्या इस्पितळात त्यांचा मृत्यू झाला. वय ३६. तिथे त्यांचं नाव इब्राहिम फॅनन असं लावलेलं होतं. यावरून आपल्यातले काही जण ते मुसलमान झाले होते असं सांगतात. तसा काही आधार नाही. ते नाव आघाडीच्या कामासाठी, कागदपत्रांसाठी घेतलेलं होतं. इराणचे अली शरियती तेव्हा पॅरिसमध्ये डॉक्टरेट करत होते. फॅनन यांना फारसीत पोहोचवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे, पण लढ्यात धर्माची जागा कोणती, यावर दोघांचं जमलं नाही. मुसलमानांसाठी जीव टाकायला फॅनन यांना मुसलमान व्हावं लागलं नव्हतं.

मय्यत विमानाने ट्युनिसला आणली. अल्जिरियाच्या मातीत दफन व्हावं ही त्यांची इच्छा होती. तिकडे अजून फ्रेंच फौज होती, तरी साथीदारांनी जनाजा सरहद्द ओलांडून नेला आणि दफन केलं. पुढे त्यांना ऐन केर्मा इथल्या शहिदांच्या कब्रस्तानात हलवण्यात आलं. सात महिन्यांनी, ५ जुलै १९६२ ला, अल्जिरिया स्वतंत्र झाला. ब्लिदाचं ते इस्पितळ आता त्यांच्या नावाने ओळखलं जातं. जोसी अल्जिअर्समध्ये राहिल्या, पत्रकारिता केली. १९६७ च्या युद्धात सार्त्र यांनी इस्रायलची बाजू घेतली तेव्हा त्यांनी प्रकाशकाला सांगून नव्या आवृत्तीतून सार्त्र यांची प्रस्तावना काढून टाकायला लावली.